थंड पायांची कोरफड

आईला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर रोप दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, ही तर कोरफड! हिच्यासाठी एवढा आटापिटा?" तिचंही बरोबर होतं. नाशिकच्या घरी कोरफड गच्चीवर फुटक्या बादलीत वाढायची. कुणी पाणी घातलं तर घातलं. शेजारच्या काकूंनी दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगली होती, तीही तिथे लटकल्या लटकल्या नवी पानं काढायची. अशा कुळातलं एखादं झाड केवळ कुंडी चार दुपारी तापली म्हणून मरतं, हे पटायला मला पंचेचाळीस डॉलर आणि एक अख्खा उन्हाळा लागला.

मी राहते फ्रीमाँटला, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेला. फेब्रुवारी २०२० मध्ये, लॉकडाउनच्या जेमतेम महिनाभर आधी, बर्कलीच्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात गेलो होतो. आफ्रिकेच्या विभागात उतारावर एक कोरफड दिसली. मधल्या एका ठिपक्यापासून पानांच्या पाच ओळी गरगरत बाहेर आलेल्या, जणू कुणी भोवरा फिरवला आणि तो फिरता फिरता तसाच थिजला. लेक म्हणाली, "आई, हे खरं आहे?" मलाही हात लावून बघावंसं वाटलं. लावला नाही, काटे आहेत.

ही लेसोथोची कोरफड. दक्षिण आफ्रिकेनं चारही बाजूंनी वेढलेला तो चिमुकला डोंगरी देश. शास्त्रीय नाव अ‍ॅलो पॉलिफिला, म्हणजे 'पुष्कळ पानांची'. १९३४ मध्ये नेव्हिल पिलन्स या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. इथल्या नर्सऱ्यांत ती 'स्पायरल अ‍ॅलो' म्हणून मिळते, तिच्या देशात तिला खारेत्सा म्हणतात. तिथे ती साधारण २२०० ते २७०० मीटर उंचीवर, खड्या उतारावर, काळ्या पाषाणाच्या फटींत वाढते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ही बाई कळसूबाईच्याही डोक्यावर अर्धा किलोमीटर बसलेली. दगड मात्र आपल्या ओळखीचा. लेसोथोचे डोंगर आणि सह्याद्री, दोन्ही लाव्हाच्या थरांतून घडलेले. तिकडचा लाव्हा दहा कोटींहून अधिक वर्षांनी जुना, एवढंच. उन्हाळ्यात पाऊस आणि धुकं, हिवाळ्यात बर्फ. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर पहिलं रोप वाचलं असतं.

पहिलं रोप जून २०२० मध्ये घेतलं. चार इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, मुठीएवढं, वेटोळ्याचा मागमूस नाही. कोरफड म्हणजे ऊन आणि कोरडी माती, हे डोक्यात पक्कं. दक्षिणेच्या बाल्कनीत ठेवलं, पंधरा दिवसांनी एकदा पाणी. जुलैत पानं आत वळून मूठ मिटल्यासारखी झाली, टोकं तपकिरी झाली. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून भर दुपारी रबरी नळीनं भरपूर पाणी घातलं. त्या नळीतलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. ऑगस्टच्या मध्यावर इथे उष्णतेची मोठी लाट आली, वीजही गेली, आणि त्या आठवड्यात एका सकाळी रोप उचललं तर मधला गाभा अलगद हातात आला. खाली मुळं नव्हतीच. काळा चिखल आणि सडका वास.

त्या दिवशी रागारागानं स्वयंपाकघरातला खोचायचा थर्मामीटर शेजारच्या तशाच काळ्या कुंडीच्या मातीत खोचला. बाहेर हवा ३५ अंश सेल्सियस होती. कुंडीत ४६.

माझ्या दृष्टीनं या लेखातला सगळ्यात कामाचा आकडा हाच. हिला थंडी चालते, बर्फही चालतो. पाणी तर इतर कोरफडींपेक्षा जास्तच लागतं. चालत नाही ती तापलेली मुळं, आणि त्यातही तापलेली आणि ओली मुळं. डोंगरात तिची मुळं दगडाच्या फटीत खोल गारव्यात असतात आणि पाणी उतारावरून सतत वाहतं, साचत नाही. आपण तिला चार इंची काळ्या डब्यात उन्हात शिजवतो आणि वर म्हणतो, फार नाजूक झाड बाई.

दुसऱ्यांदा रोप न घेता बियांपासून करायचं ठरवलं. एक तर स्वस्त पडतं, आणि वीस जीव असले की शिकता शिकता काही गेले तरी काही उरतील, असा हिशेब. हिशेब बरोबर निघाला, पण पुढे दर वेळी एकेक रोप फेकताना तो आठवून बरं वाटलं नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडच्या एका विक्रेत्याला ईमेल केली. इथून कागदपत्रांचा अध्याय सुरू. अमेरिकेत बाहेरून बियांची छोटी पाकिटं मागवायला कृषी खात्याचा एक परवाना असतो. तो फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करता येतो. एका पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया, प्रत्येक पाकिटावर शास्त्रीय नाव, सोबत रोगमुक्तीचा दाखला नसला तरी चालतो. पार्सल थेट घरी येत नाही. खात्यानं दिलेली हिरवी-पिवळी लेबलं विक्रेत्याला पाठवायची, ती लावून पार्सल आधी तपासणी केंद्रात जातं, तिथून आपल्याकडे. इथपर्यंत मला जमलं असतं. पण ही कोरफड सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. डोंगरातून चोरून उपटून नेणाऱ्यांनी तिची पार वाट लावली. लेसोथोनं तर १९३८ पासूनच तिला कायद्यानं संरक्षण दिलंय. त्यामुळे बिया असल्या तरी निर्यात करणाऱ्या देशाची सायटिसची कागदपत्रं वेगळी लागतात. वीस-पंचवीस डॉलरच्या बियांसाठी तेवढा खटाटोप करायला विक्रेता तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हते. शेवटी कॅलिफोर्नियातच रोपवाटिकेतल्या झाडांना हातानं परागीकरण करून बिया धरणाऱ्या एका माणसाकडून वीस बिया चोवीस डॉलरला घेतल्या. देशातल्या देशात यातलं काहीच लागत नाही. दोन आठवडे मी फॉर्म वाचण्यात घालवले ते घालवलेच.

(भारतातल्या वाचकांसाठी : ऑनलाइन दुकानांत निळ्या-जांभळ्या वेटोळ्याचे फोटो लावून याच्या बिया विकायला असतात. निळी-जांभळी अशी कोरफड नसते. पैसे वाचवा.)

९ जानेवारी २०२१ ला बिया पाण्यात टाकल्या. हो, पाण्यातच. ही युक्ती त्या बियावाल्यानंच सांगितली : काचेच्या उथळ वाटीत बोटभर पाणी, त्यावर बिया तरंगत ठेवायच्या, रोज पाणी बदलायचं. मोड आलेल्या मटकीसारखं सगळं डोळ्यांसमोर घडतं. स्वयंपाकघरात तेव्हा २० अंशांच्या आसपास असायचं, तेवढं तिला पुरतं. उबेसाठी हीटरजवळ नेऊ नका. आठव्या दिवशी पहिलं पांढरं टोक दिसलं. तीन आठवड्यांत वीसपैकी चौदा उगवल्या. उगवलेली बी चिमट्यानं उचलून प्युमिसच्या बारीक खड्यांत ठेवायची. प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड, इथे पोत्यानं मिळतो. मी सहा भाग प्युमिस, तीन भाग सालीचं कुजलेलं खत आणि एक भाग परलाइट, म्हणजे फुगवलेले हलके पांढरे खडे, घेतलं. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की लगेच विस्कटलं पाहिजे.

चौदातली पाच जून यायच्या आत गेली. तीन बुरशीनं, एक गोगलगाईनं, एक माझ्या लेकीच्या मैत्रिणीनं 'हे गवत' म्हणून उपटलं. उरलेली नऊ उत्तरेच्या भिंतीशी, थेट जमिनीवर ठेवली, कारण बाल्कनीच्या कठड्यापेक्षा जमीन सहा-सात अंशांनी थंड असते. हे कळायलाही थर्मामीटरच लागला. फक्त सकाळचं दहापर्यंतचं ऊन. पाणी संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे. महिन्यातून एकदा खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. २०२१ चा उन्हाळा निभावला. ही झाडं कडक उन्हाळ्यात वाढ थांबवतात. खरी वाढते ती वसंतात आणि पावसाळी थंडीत, म्हणून तेव्हा हात आखडू नये.

२०२२ च्या वसंतात तीन रोपं मैत्रिणींना दिली. त्यातली एक डेली सिटीला राहते, जिथे जुलैतही स्वेटर लागतो. तिनं रोप अंगणात खोचलं आणि विसरून गेली. तिचं आज माझ्यापेक्षा दीडपट आहे. यावर मला काही बोलायचं नाही.

माझी उरलेली सहा जमिनीत लावायची होती. कुंडीत मुळं थंड ठेवणं हे रोजचं काम होतं आणि आम्हाला ऑगस्टमध्ये भारतात यायचं होतं. पण आमचं घर टाउनहाउस, समोरचा सहा बाय चार फुटांचा तुकडा माझा असला तरी त्यात दगड रचायला सोसायटीची परवानगी हवी. जुलैत अर्ज केला : चार पानी फॉर्म, हातानं काढलेला नकाशा, दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या, शुल्क पंच्याहत्तर डॉलर. समितीची बैठक महिन्यातून एकदा. ऑगस्टची बैठक गणसंख्येअभावी रद्द. सप्टेंबरमध्ये अर्ज परत आला, कारण झाडाच्या रकान्यात मी नुसतं 'अ‍ॅलो' लिहिलं होतं. शास्त्रीय नाव आणि पूर्ण वाढीची रुंदी हवी. दिली. कॅलिफोर्नियात कमी पाण्याच्या झाडांना सोसायटी सरसकट मनाई करू शकत नाही असा कायदा आहे, नागरी संहितेचं कलम ४७३५. तोही अर्जात नमूद केला, हिला पाणी किती लागतं याची वाच्यता न करता. ऑक्टोबरमध्ये मंजुरी आली. तुमच्याकडे असं काही करायचं असेल तर पहिल्याच अर्जाला झाडाचा छापील फोटो जोडा. समितीतल्या एका आजोबांनी तो बघून माझ्याकडेच बी मागितलं.

पण मधल्या काळात सप्टेंबर येऊन गेला होता.

२०२२ च्या सप्टेंबरची ती लाट इथले लोक विसरणार नाहीत. ६ सप्टेंबरला सॅन होजेत १०९ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४३ सेल्सियस, आजवरचा उच्चांक. आमच्या अंगणात ४१. आम्ही नुकतेच नाशिकहून परतलो होतो आणि झोपेचं वेळापत्रक उलटसुलट झालेलं. मी पांढऱ्या कुंड्यांतली चार रोपं उचलून न्हाणीघरात फरशीवर ठेवली. काळ्या डब्यांतली दोन कोपऱ्यात मागे राहिली होती, ती दिसलीच नाहीत. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले : वीज वाचवा, सरकारी इशारा. एसी बंद केला, खिडकीला ओली चादर लावली आणि मी, नवरा, लेक आणि चार कोरफडी न्हाणीघराच्या थंड फरशीवर बसलो. नवरा म्हणाला, "आपण झाडं सांभाळतोय की झाडं आपल्याला?" त्याला तेव्हा गप्प बसवलं, पण त्या घरात सगळ्यात थंड जागा खरंच तीच होती.

बाहेरची दोन गेली. आतल्या चारांतलं एक आठवड्यानं डगमगायला लागलं. या वेळी वाट बघत बसले नाही. उपटलं, सडकी मुळं आणि बुंध्याचा काळा भाग स्वच्छ सुरीनं पांढरं मांस लागेपर्यंत कापला, पाच दिवस सावलीत वाळवलं आणि किंचित दमट प्युमिसवर नुसतं टेकवून ठेवलं. सात आठवडे काही नाही. आठव्यात हलकेच ओढून पाहिलं तर ते प्युमिसला धरून बसलं होतं. वाचवलेल्या रोपांत माझा जीव याच्यावर जास्त आहे.

तेव्हाच माठाची आठवण झाली. आपला माठ पाणी गार कसा ठेवतो? झिरपून, वाळून. मोठ्या मातीच्या कुंडीत छोटी कुंडी ठेवली, मधल्या दोन इंचांत वाळू भरली, उन्हाळ्यात वाळू रोज भिजवली. ३५ अंशांच्या दुपारी आतली माती २६-२७ वर राहते. मातीची कुंडी बाहेरून रंगवलेली नको, नाहीतर झिरपणार काय? इथली हवा कोरडी म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत माठही रडतो, तिथे एवढा फरक पडणार नाही.

नोव्हेंबरात दगड आणले. दगड, माती, भाडोत्री ढकलगाडी मिळून एकशे साठ डॉलर आणि नवऱ्याची कंबर. पूर्वेकडे तोंड करून अडीच फूट उंचीचा उतार रचला, आत निम्म्याहून जास्त प्युमिस आणि खडी. दोन रोपं त्यात थोडी तिरकी लावली, म्हणजे पानांच्या मधल्या खळग्यात पाणी थांबत नाही. दुपारच्या उन्हाला घराचीच सावली. दोन कुंडीत ठेवली.

आणि मग पावसानं कहर केला. ३१ डिसेंबर २०२२ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका दिवसात पाच इंचांहून जास्त पाऊस, आणि नंतर जानेवारीच्या मध्यापर्यंत एकामागून एक वादळं. मी खिडकीतून बघत बसायची, आता ही कुजणार. उतारावरची दोन्ही ढिम्म. उलट फेब्रुवारीत दोघींनी इतकी नवी पानं काढली की मला वाटलं, हाच तो लेसोथोचा उन्हाळा, फक्त ऋतू चुकलाय. गेलं ते कुंडीतलं एक, ज्याच्या खाली मी ताटली विसरले होते. ताटलीत पाणी, पाण्यात कुंडी. म्हणजे इतक्या पावसानं नाही, एका ताटलीनं मेलं.

२०२३ चा उन्हाळा इथे सौम्य गेला आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. एप्रिल २०२४ मध्ये उतारावरचं एक रोप सकाळी कललेलं दिसलं. खालून गोफरनं, म्हणजे इथल्या बिळं करणाऱ्या घुशीसारख्या प्राण्यानं, मुळं खाऊन टाकली होती. दगड रचण्याआधी तळाशी लोखंडी जाळी घालायची असते, हे शेजाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. जुलै २०२४ ची लाट आठवडाभराहून जास्त चालली. तीस डॉलरचं सावलीचं कापड दुपारी ताणायचं, अंधार पडल्यावर उतारावर गार पाणी सोडायचं, नळीतलं पहिलं गरम पाणी आधी हिरवळीवर सांडून. पानं मिटली, टोकं थोडी तपकिरी झाली, पण ऑक्टोबरात पुन्हा उघडली. तपकिरी टोकं कापू नका, तशीच राहू द्या.

वीस बियांतून आता दोन माझ्याकडे : एक उतारावर, एक माठात, तेच सुरीनं कापलेलं. पाच वर्षांत सगळं मिळून चारशे डॉलरच्या आत खर्च झाला. फूल अजून नाही, आणि ते यायला आणखी काही वर्षं लागतील.

वेटोळं? पहिली तीन वर्षं पानं दोन्ही बाजूंनी साध्या कोरफडीसारखीच येतात, तेव्हा धीर सोडू नका. माझ्या उतारावरच्या रोपात नोव्हेंबर २०२३ मध्ये मला वळण दिसलं होतं, पण घरात कुणालाच दिसलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये ते चौदा इंच रुंद झालं आणि पाच ओळी स्पष्ट दिसायला लागल्या. काही झाडं उजवीकडे वळतात, काही डावीकडे. आमचं कुठे वळतं यावर लेकीचं आणि माझं अर्धा तास भांडण झालं, कारण ती मधून बाहेर मोजत होती आणि मी बाहेरून मध्ये. शेवटी तिच्या पद्धतीनं डावं ठरलं.

त्या रविवारी आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, फोन जवळ आणायला सांगितला, बराच वेळ बघितलं.

"कुठल्या सोंडेचा हा?"

"डाव्या."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "उजवा असता तर त्याचं सोवळं तुला झेपलं नसतं."